युद्धकाळातल्या मुंबईत रहस्यकथा रचताना : पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

पहिल्यांदाच ऐतिहासिक रहस्यकथा लिहायला बसलेले बरेच जण दुसऱ्या महायुद्धातली मुंबई निवडतात. कारण उघड आहे. काळोखे रस्ते, काळा कागद चिकटवलेल्या खिडक्या, ट्रामची घंटा, ताजमधले गोरे अफसर असं वातावरण आयतं मिळतं. मग त्या वातावरणात एक खून ठेवला जातो. तो खून असा निघतो की आजच्या ठाण्यात किंवा नाशकात झाला असता तरी काही बिघडलं नसतं. इस्टेटीसाठी भावाने भावाला मारलं, एवढंच काय ते.

माझं सांगणं एकच आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातून निघतात. गुन्ह्याचं कारण, गुन्हा झाकायची सोय आणि तपासातला अडथळा या तिन्ही गोष्टी युद्धानेच पुरवलेल्या हव्यात. तिन्ही जमल्या नाहीत तर निदान दोन. तसं झालं की वातावरणासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही, ते कथानकातूनच झिरपत येतं. हे कसं साधायचं ते मी एकाच उदाहरणावर टप्प्याटप्प्याने दाखवतो. उदाहरण माझं आहे, हवं तर घ्या, मोडा, बदला.

पहिली पायरी : तारीख ठरवा, वारासकट

‘चाळीसचं दशक’ ही तारीख नव्हे. युद्धाच्या सहा वर्षांत मुंबई इतक्या वेळा बदलली की १९४० चा माणूस १९४३ च्या रस्त्यावर गोंधळून गेला असता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं तेव्हा शहरातल्या रोजच्या व्यवहारात फारसा फरक पडला नव्हता. पण जर्मन नागरिकांची धरपकड लगेच सुरू झाली आणि हिटलरच्या तावडीतून सुटून इथे आलेले ज्यूसुद्धा सुरुवातीला त्या जाळ्यात सापडले. १९४२ चा वसंत वेगळाच. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून गेलं, ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. मुंबईकरांनी बायकामुलं गावी धाडली. मुंबईवर बॉम्ब कधीच पडला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या पात्रांना ठाऊक नाही. त्यांच्या प्रत्येक निर्णयात ती भीती असली पाहिजे.

त्याच वर्षी ८ ऑगस्टला गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या रविवारी पहाटे पुढाऱ्यांना पकडलं. पुढचे तीन महिने उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. या काळात रहस्यकथा घडवायची तर फितुरी हा विषय समोर उभाच आहे. २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं, तिकडे बंगालमध्ये दुष्काळ पडला, आणि काळा बाजार हा शहराचा दुसरा बाजार झाला. युद्ध संपल्यावरचा काळही सोडू नका. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. काळ्या बाजारातला पैसा गादीत शिवून ठेवलेल्या माणसाची त्या आठवड्यातली अवस्था डोळ्यांपुढे आणा.

आपल्या उदाहरणासाठी मी शुक्रवार, १४ एप्रिल १९४४ निवडतो. त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट उभी होती. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्यांच्या सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड, आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा. दुपारी दोनच्या सुमारास कापसाला आग लागल्याचं लक्षात आलं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, आणि तो पहिल्याहून मोठा. गोदी, मांडवी, मशीद बंदर हा सगळा पट्टा पेटला. मेलेल्यांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

इतकी मोठी दुर्घटना कथेत घ्यायची तर एक पथ्य पाळा. ती कथेच्या शेवटी धमाका म्हणून वापरू नका. माणसं मेली आहेत, त्यांची नातवंडं आज आपल्यात आहेत. स्फोट सुरुवातीला घडू द्या आणि उरलेली कथा त्याच्या राखेत चालू द्या.

दुसरी पायरी : गुन्हा युद्धातून काढा

गोदीचा स्फोट म्हटलं की नवा लेखक सोन्याच्या विटेकडे धावतो. एक वीट मैलभर लांब गिरगावात एका पारशी गृहस्थाच्या व्हरांड्यात येऊन पडली, त्यांनी ती सरकारजमा केली आणि मिळालेलं बक्षीसही मदतनिधीला देऊन टाकलं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. म्हणूनच सोनं सोडून द्या. वाचक तिथे आधीच येऊन बसलेला असतो. आणि एक वीट साडेबारा किलोच्या आसपास, ती विकायची कुठे?

धान्याकडे बघा. मांडवीची गोदामं जळाली आणि त्यांत हजारो टन धान्य गेलं. रेशनिंगच्या शहरात ‘जळालं’ या शब्दाइतकी सोयीची पावती दुसरी नव्हती. समजा, एका व्यापाऱ्याने नियंत्रणातला तांदूळ आधीच काळ्या बाजारात काढला आहे. गोदामात पोत्यांची पुढची रांग फक्त उभी आहे, मागे मोकळी जागा. हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजीला ते ठाऊक आहे. तो गिरगावातल्या चाळीत राहतो, घरी चार तोंडं आहेत, रेशनवर मिळणाऱ्या धान्यात भागत नाही. आपणच लिहिलेली वही रात्री उशाला घेऊन झोपायचं त्याला जड जातं. त्या शुक्रवारी दुपारी तो मालकाला सांगतो की वही मी रेशनिंगच्या साहेबांपुढे ठेवणार. बाचाबाची होते, मालक त्याचा गळा दाबतो. काही मिनिटांत आभाळ फुटतं. संध्याकाळपर्यंत गोदाम, वही आणि प्रेत तिन्ही आगीच्या तोंडी.

आता कारण युद्धाचं आहे आणि झाकणही युद्धाचं आहे. शेकडो प्रेतांत आणखी एक, कोण विचारतो?

असं प्रत्यक्षात घडतं का, अशी शंका आली तर लंडनचं एक प्रकरण वाचा. जुलै १९४२ मध्ये केनिंग्टन भागातल्या बॉम्बने पडलेल्या एका चर्चच्या तळघरात मजुरांना एका बाईचा सांगाडा मिळाला. बॉम्बहल्ल्यातली मृत असं समजून तिला पुरायला हरकत नव्हती. पण न्यायवैद्यक डॉक्टर कीथ सिम्पसन यांनी गळ्यातल्या कूर्चेला झालेली इजा पाहिली आणि दंतवैद्याच्या नोंदींवरून ओळख पटवली. ती तिथल्याच आगपहाऱ्यावरच्या माणसाची बायको निघाली. त्याला जानेवारी १९४३ मध्ये फाशी झाली. खुन्याने अंगावर चुना टाकला होता. प्रेत नष्ट व्हावं म्हणून टाकलेल्या त्या चुन्याने गळ्याचा तोच भाग टिकवून ठेवला, ज्यावर खटला उभा राहिला.

आपल्या कथेत डॉक्टरांसाठी एक साधी खूण ठेवता येते. आगीत जिवंत सापडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत काजळी जाते, आधीच मेलेल्याच्या जात नाही. ही गोष्ट १९४४ च्या डॉक्टरांना पक्की माहीत होती.

तिसरी पायरी : तपास करणारा कोण?

इथे बहुतेकांच्या मनात ओव्हरकोट घातलेला, खिशात पिस्तूल असलेला खासगी डिटेक्टिव्ह असतो. एप्रिलच्या मुंबईत ओव्हरकोट कशाला, आणि १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय पिस्तूल येणार कुठून? त्याला निरोप द्या.

फौजदार घ्यायचा विचार असेल तर एका प्रश्नाला आधी उत्तर द्या: ऑगस्ट १९४२ मध्ये हा माणूस काय करत होता? पोलीस आयुक्त इंग्रज होते, पहिले भारतीय आयुक्त स्वातंत्र्याच्या दिवशी आले. मराठी फौजदाराने दीड वर्षापूर्वी लाठी चालवलेली असणार, किंवा चालवायचं टाळलेलं असणार, आणि चाळीतल्या लोकांना ते आठवत असणार. त्याच्याशी कोण किती खरं बोलेल हे त्यावर ठरेल. या प्रश्नाला बगल देऊन लिहिलेला देशभक्त फौजदार खोटा वाटतो.

मला स्वतःला कॉरोनरच्या कचेरीतला कारकून जास्त आवडतो. मुंबई शहरात संशयास्पद मृत्यूंची चौकशी कॉरोनर करायचा, १८७१ च्या कायद्याने, आणि ही पद्धत थेट १९९९ पर्यंत चालू होती. कारकुनाला अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही, पण मृतांची प्रत्येक नोंद त्याच्या हाताखालून जाते. त्या आठवड्यात त्याच्या टेबलावर शेकडो नोंदी आहेत. एका नोंदीत डॉक्टरांनी लिहिलंय, ‘श्वासनलिका स्वच्छ.’ वरचा साहेब म्हणतो, ढीग पडलाय, शिक्का मारा आणि पुढे चला. कारकून शिक्का मारत नाही. कथा इथे सुरू होते.

बाईला मध्यवर्ती ठेवायचं असेल तरी काळ साथ देतो. हवाई हल्ल्यांपासून बचावाचं काम करणाऱ्या एआरपीच्या स्वयंसेविका होत्या, रुग्णालयात परिचारिका होत्या, १९४२ पासून लष्कराच्या महिला दलात कारकुनी आणि टेलिफोनची कामं करणाऱ्या मुली होत्या.

चौथी पायरी : कायदा आधी वाचा, कथानक नंतर पक्कं करा

शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात जमवायचं आणि खुन्याने घडाघडा कबुली द्यायची, हा प्रसंग हिंदुस्थानात लंगडा पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५व्या कलमाप्रमाणे पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. २७व्या कलमाने एक फट ठेवली होती: कोठडीतल्या माणसाच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढाच भाग पुराव्यात येई. नवख्या लेखकाला हे अडचणीचं वाटतं, पण यात मोठी सोय आहे. तुमच्या तपास करणाऱ्याला कबुलीवर विसंबता येत नाही, वस्तू शोधावीच लागते. रहस्यकथेला तेच तर हवं असतं.

खुनाचा खटला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटकडून उच्च न्यायालयाच्या सेशन्सला जायचा आणि तिथे नऊ जणांची ज्युरी बसायची. म्हणजे तुमचा पुरावा नऊ सामान्य मुंबईकरांना पटायला हवा. कॉरोनरकडेही ज्युरी असे. न्यायालयाचा प्रसंग लिहिणार असाल तर ज्युरीच्या बाकावर कोण बसलंय ते ठरवा.

त्यावर भारतसंरक्षण कायद्याची सावली. सरकार कुणालाही खटल्याशिवाय डांबू शकत होतं. एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने डांबून ठेवलेल्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात, असं डांबण्याचा २६ क्रमांकाचा नियम कायद्याच्या चौकटीत बसत नाही असा निकाल दिला, आणि सरकारने लगोलग वटहुकूम काढून ती चौकटच रुंदावली. हे कथेत कसं येईल? तुमचा महत्त्वाचा साक्षीदार एका सकाळी घरी नसतो. खुन्याने पळवला की सरकारने उचलला, हे त्याच्या आईलाही कळत नाही.

पाचवी पायरी : प्रयोगशाळा नाही असं धरून चाला

बोटांचे ठसे घेता येतात, ते शास्त्र आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रुळलेलं आहे. डीएनएचा प्रश्नच नाही. विष आहे का, डाग रक्ताचा आहे का, हे मुंबईतला सरकारी केमिकल अ‍ॅनालायझर सांगे. रक्त माणसाचंच आहे का, हे ठरवायला नमुना कलकत्त्याच्या सीरॉलॉजिस्टकडे पाठवावा लागे. गाड्यांवर लष्कराचा पहिला हक्क असलेल्या काळात उत्तर यायला किती दिवस लागतील ते तुम्ही ठरवा. ही वाट बघणं कथेत दाखवा. तपास करणाऱ्याला त्या दिवसांत डोकं चालवावं लागतं.

सहावी पायरी : घड्याळं जुळवा

रहस्यकथा वेळेवर उभी असते, आणि युद्धकाळातल्या मुंबईत वेळ एक नव्हती. या पायरीवर जरा थांबू, कारण आपल्या कथेची चावी इथे आहे.

आज आपण जिला भारतीय प्रमाणवेळ म्हणतो, तिच्यापेक्षा मुंबईची जुनी स्थानिक वेळ ३९ मिनिटं मागे. शहराने प्रमाणवेळ मनापासून स्वीकारली नव्हती, ‘मुंबई टाइम’ची सवय स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकली, आणि पारशी अग्यारींत तर ती कसोशीने पाळली जायची. त्यातच १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने युद्धासाठी घड्याळं एक तास पुढे केली, ती १५ ऑक्टोबर १९४५ ला मागे आली. म्हणजे १९४४ मध्ये सरकारी वेळ आणि जुनी मुंबई वेळ यांच्यात एक तास ३९ मिनिटांचं अंतर.

आता मांडवीत, गोदामासमोरच्या इमारतीत, एक म्हाताऱ्या पारशी बाई राहतात. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ अग्यारीच्या वेळेवर आहे, नवऱ्याच्या हयातीपासून. फौजदार त्यांची जबानी घेतो:

“सव्वादोन झाले होते. औषधाची वेळ म्हणून मी घड्याळ बघूनच उठले. समोर दोघांचे आवाज चढले होते. मग एकदम गप्प. मी चहा टाकला, गाळून कपात ओतला, आणि कप हातातच होता तेव्हा सगळ्या काचा घरात आल्या.”

फौजदार वहीत लिहितो, ‘२-१५ वा. भांडण.’ मालक त्या वेळी फोर्टात होता, दोन ते तीनपर्यंत एका पेढीवर चार माणसांत बसला होता. चौघेही शपथेवर सांगतात आणि खरंच सांगतात. मालक सुटला.

कारकून आठवड्याने त्या घरी जातो. भिंतीवर घड्याळ बंद आहे, काटे दोन सत्तावीसवर. “स्फोटात बंद पडलं,” बाई सांगतात. सोबतचा हवालदार हसतो. स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी झाला हे आता मुंबईतलं पोरही सांगेल, गोदीतलं घड्याळ त्याच वेळेवर थांबलंय. म्हाताऱ्या बाईंचं घड्याळ आधीच बिघडलेलं असणार. कारकून मात्र चहापाशी अडकतो. सव्वादोनला टाकलेला चहा चार वाजून सहा मिनिटांनी कपात कसा?

गोदीचं घड्याळ सरकारी वेळेवर होतं असं धरा आणि दोन सत्तावीसमध्ये एक तास ३९ मिनिटं मिळवा. चार वाजून सहा मिनिटं. तेवढीच सव्वादोनमध्ये मिळवा. तीन चोपन्न. भांडण स्फोटाच्या बारा मिनिटं आधी झालं, चहा व्हायला लागतात तेवढ्याच, आणि तोपर्यंत मालक फोर्टातून परत आला होता.

या मांडणीत काही लपवलेलं नाही, हे नव्या लेखकाने नीट बघावं. घड्याळ वाचकाला दाखवलं, चहा दाखवला, दोन्ही वेळा दिल्या. फक्त त्यांच्यामधला धागा दाखवला नाही. पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे. तपास करणाऱ्याने शेवटी खिशातून न दाखवलेली चिठ्ठी काढली तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्त आहे. अग्यारीच्या वेळेचा उल्लेखही आधी कुठेतरी सहज येऊन गेला पाहिजे. तिसऱ्या प्रकरणात एखादा शेजारी कुरकुरतो की बाईंच्या घरी जेवायला बोलावलं की केव्हा जायचं तेच कळत नाही. एवढं पुरे.

घड्याळाबरोबर सूर्य आणि चंद्रही जुळवून घ्या. एप्रिलच्या मध्यात आजच्या वेळेने सातच्या आत सूर्य बुडतो, तेव्हाच्या सरकारी घड्याळात आठ वाजत आलेले असत. सातला ‘गुडूप अंधार’ लिहिलात तर चुकलात. ८ एप्रिलला पौर्णिमा होऊन गेली होती, म्हणजे १४ च्या रात्री चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. एरवी दिवे झाकलेल्या शहरात ती रात्र काळीकुट्ट गेली असती, पण त्या रात्री गोदीच्या ज्वाळांनी पूर्वेचं आभाळ तांबडं होतं. ज्याला कुणाच्या नजरेस न पडता काही न्यायचं होतं, त्याची पंचाईत झाली असणार.

सातवी पायरी : वस्तूंना काम द्या

जमवलेली माहिती पानोपानी ओतायचा मोह होतो. एक नियम पाळा: वस्तू कथेत येईल तर काहीतरी काम करेल, नाहीतर येणार नाही.

रेशनकार्ड बघा. घरात माणसं किती, त्यावर धान्य. मेलेल्या माणसाच्या नावावर दोन आठवडे धान्य उचललं जात असेल तर तो मेला हे कुणाला ठाऊक नाही, किंवा कुणाला लपवायचं आहे. आपल्या कथेत उलटंही करता येईल: दिवाणजीची बायको कार्डावरून नवऱ्याचं नाव कमी करायला जात नाही, कारण प्रेत ओळखायला तिला कुणी बोलावलेलंच नाही. सेन्सॉरने उघडून पुन्हा चिकटवलेलं पाकीट घ्या. त्यावरची पट्टी सांगते की पत्र आणखी कुणीतरी वाचलंय. १९४३ पासून निघालेला मधे भोक असलेला पैसा घ्या. भिंतीत दडवलेल्या डब्यात तो सापडला तर डबा त्याआधीचा नाही. जावा जपान्यांच्या हाती गेल्यावर क्विनाइनचा दुष्काळ पडला. हिवतापाने फणफणलेल्या मुलाच्या बापाला क्विनाइनच्या एका बाटलीसाठी काय करायला लावता येईल, याचा विचार करा. पेट्रोलवर नियंत्रण होतं, काही मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या गॅसवर चालत. अशा गाडीतून झटपट पळून जाता येत नाही, भट्टी पेटवायलाच वेळ लागतो.

काही गोष्टी मात्र चुकू नयेत म्हणून नुसत्या तपासून घ्या. किलो, मीटर, नवे पैसे यांतलं काहीही नव्हतं. शेर, मण, तोळा, वार, मैल होते, रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. दादाभाई नौरोजी रस्ता तेव्हा हॉर्नबी रोड, पी. डिमेलो रस्ता तेव्हा फ्रिअर रोड. स्टेशनला लोक बोरीबंदर म्हणत. शहराची म्युनिसिपल हद्द माहीम आणि शीवपाशी संपायची, वांद्रं बाहेर. ट्राम आणि बस महापालिकेच्या नव्हेत, कंपनीच्या होत्या.

आणि हे विसरू नका: १५ एप्रिलच्या सकाळी तुमचं पात्र स्फोटाची साग्रसंगीत बातमी वर्तमानपत्रात वाचू शकत नाही. सेन्सॉरने तपशील दाबून ठेवले होते. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने आधी बोंब मारली, आणि इथल्या बातमीदारांना सविस्तर लिहायची मुभा मिळाली ती मे महिन्यात. सगळ्या शहराने आवाज ऐकला होता, काचा फुटल्या होत्या, माणसं परतली नव्हती, आणि छापील शब्द नव्हता. तिसरी गोष्ट, म्हणजे तपासातला अडथळा, युद्धाने पुरवली ती ही. कारकुनाला कोण कुठे होतं हे अफवांच्या ढिगातून निवडावं लागतं.

आठवी पायरी : बोलणं

जुनाट मराठी लिहायला जाऊ नका. त्या काळची माणसं एकमेकांशी साधंच बोलत. संबोधनं नीट लावलीत की निम्मं काम होतं. चाळीत दिवाणजीला शेजारी म्हणणार ‘तात्या’, पेढीवर मालकाला ‘शेट’, गोदीत टोळीचा मुकादम ‘मुकादम’, फौजदाराला ‘फौजदारसाहेब’, बायको नवऱ्याला ‘अहो’. पारशी बाईंच्या तोंडी लिंग-वचनाच्या चुका घालून हशा पिकवणं जुनं झालं आणि ते त्यांच्यावर अन्यायकारकही आहे. वरच्या जबानीत त्या थेट, मोजकं बोलतात. त्यांचा स्वभाव तेवढ्याने उभा राहतो. गिरणगाव, गोदी, मांडवी, फोर्ट या प्रत्येक ठिकाणी कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलेल ते ठरवून घ्या. मालक गुजरातीत हिशोब सांगत असेल आणि दिवाणजी मोडीत टिपण ठेवत असेल, तर ते टिपण वाचू शकणारा माणूस शोधणं हासुद्धा तपासाचा भाग होतो.

नववी पायरी : कुठे शोधायचं

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि घरबसल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’. वर्तमानपत्रं उघडलीत की अग्रलेखाआधी जाहिराती वाचा. लोक काय विकत घेत होते, कशाला घाबरत होते, कुठे कोणता बोलपट लागला होता, हे तिथे आहे. उच्च न्यायालयाचे त्या वर्षांतले छापील निकाल वाचा, त्यांत खऱ्या माणसांच्या जबान्यांचे तुकडे मिळतात. त्या वर्षाचं पंचांग जवळ ठेवा. जुना नकाशा भिंतीवर लावा आणि पात्रांच्या वाटा पेन्सिलीने आखा. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात गोदीच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, लिहायला घेण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

वाचनाला मर्यादा घाला. सहा महिने वाचत राहिलात तर कथा होणार नाही. पहिला मसुदा चालू असताना जे अडेल तेवढ्यापुरतं कंसात ‘तपासणे’ लिहा आणि पुढे चला.

मसुदा झाल्यावर तो दोन माणसांना द्या. एक असा, ज्याला मुंबईचा इतिहास ठाऊक आहे. त्याने फक्त चुका काढायच्या. दुसरा रहस्यकथा वाचणारा, ज्याला हा काळ अजिबात माहीत नाही. त्याला पेन्सिल द्या आणि सांगा, खुनी कोण हे जिथे कळलं तिथे समासात खूण कर. खूण पारशी बाईंच्या जबानीच्या पानावर आली तर चहाचं वाक्य फार उठून दिसतंय, ते औषधाच्या वाक्याआड सरकवा. शेवटपर्यंत खूण आलीच नाही, तर तिसऱ्या प्रकरणातल्या शेजाऱ्याला अजून एक वाक्य बोलू द्या.